सांधे, मणके आणि नवी यंत्रे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकातील कंबरदुखीवरील टिपणानंतर इंदूर आणि आसपासच्या गावांतून बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेकांचा रोख एकच आहे : बाजारात रोज नवे यंत्र, नवे इंजेक्शन, नवे ॲप येत आहे, त्यांपैकी विश्वास कशावर ठेवावा? जगात सन २०२० मध्ये सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या पुढे जाईल, असा अंदाज आहे. एवढे गिऱ्हाईक असल्यावर दुकाने वाढणारच. म्हणून या वेळी ज्या पत्रांत एखाद्या नव्या तंत्राविषयी थेट विचारणा आहे, तीच उत्तरासाठी निवडली आहेत. उत्तरे संशोधनाविषयी आहेत. आपल्या स्वतःच्या उपचाराचा निर्णय आपल्याला हात लावून तपासणाऱ्या डॉक्टरांकडेच व्हावा.

प्रश्न : मी निवृत्त बँक अधिकारी आहे, वय ६८. कंबर दुखते म्हणून एमआरआय काढला. अहवालात एल-४, एल-५ या जागी, म्हणजे कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील, गादी झिजली असून बाहेर आली आहे, असे लिहिले आहे. ओळखीचे लोक ‘मणक्यात गॅप आला आहे, आता वाकू नका’ असे सांगतात. त्या भीतीने नेहरू पार्कमधील सकाळचे फिरणेही मी बंद केले. चिरंजीवांनी एका ॲपवर त्याच एमआरआयची चित्रे चढवली. कृत्रिम बुद्धिमत्तेने दिलेला अहवाल तर पहिल्याहून भयंकर निघाला. कोणता खरा मानावा?
— स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : दोन्ही खरे असू शकतात आणि तरीही आपल्या दुखण्याचे कारण दोहोंतही नसू शकते. १९९४ साली अमेरिकेत ज्यांची कंबर मुळीच दुखत नव्हती, अशा ९८ जणांचे एमआरआय काढण्यात आले. त्यांपैकी ५२ टक्के लोकांच्या मणक्यात किमान एका ठिकाणी गादी फुगून बाहेर आलेली होती आणि सर्वच्या सर्व गाद्या निर्दोष असलेले लोक केवळ ३६ टक्के होते. पुढे २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांतील, दुखणे नसलेल्या ३,११० माणसांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हा गादीची झीज विशीतील ३७ टक्के, साठीतील ८८ टक्के आणि सत्तरीतील ९३ टक्के लोकांत दिसली. म्हणजे आपल्या वयाच्या, रोज पार्कात फिरणाऱ्या आणि काहीही न दुखणाऱ्या मित्रांना ओळीने यंत्रात घातले, तर त्यांतील बहुतेकांच्या अहवालात हीच वाक्ये छापून येतील. केस पांढरे झाल्याची नोंद जशी कोणी रोग म्हणून करत नाही, तशीच ही नोंद वाचायला हवी. दुर्दैवाने अहवालाची भाषा तशी नसते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रश्नाचे उत्तर यातच आले आहे. ही संगणकप्रणाली तज्ज्ञांनी पूर्वी वाचलेल्या हजारो चित्रांवरून शिकते. मज्जारज्जूच्या नळीची रुंदी मोजणे, गादीची उंची मोजणे, दोन चित्रांतील फरक दाखवणे ही कामे ती झपाट्याने करते आणि गर्दीच्या रुग्णालयात तिचा उपयोगही आहे. पण ती चित्रच वाचते आणि चित्रात वेदना नसते. उलट तिला बारीकसारीक दोषही दिसत असल्याने यादी लांबते आणि यादी लांबली की रुग्णाची छाती दडपते. अशा ॲपची जाहिरात पाहताना त्याने किती दोष शोधले हे विचारू नये, त्याच्या वापराने किती रुग्णांचे दुखणे कमी झाले हे विचारावे. या स्तंभात मी आज वारंवार हाच प्रश्न थोड्या वेगळ्या रूपात विचारणार आहे : अमुक उपचाराने बरे वाटले म्हणता, ते कशाच्या तुलनेत?

याचा अर्थ एमआरआय निरर्थक आहे असा मुळीच नाही. पायातील शक्ती कमी होत जाणे, पाऊल उचलताना लटके पडणे, मांड्यांच्या आतील व बैठकीच्या जागेची संवेदना जाणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, ताप, कारण नसताना वजन घटणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, उतारवयात किरकोळ पडण्यानंतर सुरू झालेली तीव्र कळ, यांपैकी काही असेल तर तपासणी लांबवू नये. लघवी आणि बधिरतेची लक्षणे असतील तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आपल्याकडे मणक्याचा क्षयही दिसतो, त्यामुळे रात्री वाढणारी कंबरदुखी आणि संध्याकाळचा बारीक ताप ही जोडी कधीच हलकी समजू नये. आपल्या पत्रात यांपैकी एकही लक्षण नाही.

आणखी एक गोष्ट लोकांना सांगितली जात नाही. बाहेर आलेली गादी पुष्कळदा आपोआप आक्रसते. गंमत अशी की, ती जितकी जास्त बाहेर आलेली असेल तितकी ती विरघळून जाण्याची शक्यता अधिक असते. २०१५ मधील एका आढाव्यात तुटून वेगळ्या झालेल्या तुकड्यांपैकी ९६ टक्के, तर नुसत्या फुगलेल्या गाद्यांपैकी १३ टक्केच मागे सरलेल्या आढळल्या. शरीर तुटक्या तुकड्याला परका मानून त्याचा निचरा करते.

आता फिरण्याविषयी. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ प्रौढांवर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एका गटाला फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू वाढवत न्यायचे चालणे आणि दुखण्याविषयीची समज देण्यात आली, दुसऱ्या गटाला काहीच देण्यात आले नाही. दुखणे पुन्हा उद्भवेपर्यंतचा मध्यम कालावधी चालणाऱ्यांत २०८ दिवस, तर दुसऱ्या गटात ११२ दिवस होता. तुलना ‘काहीच न करण्याशी’ होती, हे येथेही लक्षात ठेवले पाहिजे. तरीही चालायला पैसे पडत नाहीत आणि त्याचे दुष्परिणाम फारसे नाहीत, त्यामुळे एवढा पुरावा मला पुरेसा वाटतो. आपण पार्कात जायला लागावे. पहिल्या दिवशी पूर्वीइतके नको, निम्मे.

प्रश्न : माझे वय ५९ असून दोन्ही गुडघ्यांत झीज आहे. वजन ८२ किलो. आमच्या भागात झालेल्या एका शिबिरात स्वतःच्याच रक्तातून तयार केलेले इंजेक्शन घेण्याचा आग्रह झाला. त्याने ‘गुडघ्यातले ग्रीस परत येते’ म्हणाले. त्याहून महाग म्हणजे स्टेम सेलचे. सूनबाई म्हणतात, त्यापेक्षा सरळ रोबोटने गुडघे बदलून घ्या. शेजारच्या काकूंना रक्ताच्या इंजेक्शनाने खरोखरच बरे वाटले आहे, म्हणून मन डळमळते.
— सुदामानगर, इंदूर

उत्तर : काकूंना बरे वाटले यावर माझा पूर्ण विश्वास आहे. प्रश्न एवढाच आहे की, ते इंजेक्शनातील रक्तामुळे वाटले काय.

पीआरपी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या उपचारात रुग्णाचे रक्त काढून यंत्रात फिरवतात आणि प्लेटलेट जास्त असलेला भाग वेगळा करून सांध्यात टोचतात. त्यातील वाढीस चालना देणारे घटक कूर्चेची, म्हणजे सांध्यातील हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत अस्तराची, दुरुस्ती करतील, ही कल्पना वाईट नव्हती. ऑस्ट्रेलियातील २८८ रुग्णांवर तिची नीट परीक्षा झाली आणि निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांना दर आठवड्याला एक अशी तीन पीआरपी इंजेक्शने, निम्म्यांना तशीच तीन मिठाच्या पाण्याची इंजेक्शने देण्यात आली. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला माहीत नव्हते. वर्षभरानंतर वेदनेच्या मोजपट्टीवर पीआरपी गटात २.१ आणि मिठाच्या पाण्याच्या गटात १.८ अंकांची घट होती, म्हणजे फरक नगण्य होता. एमआरआयवर मोजलेली कूर्चा दोन्ही गटांत जवळपास सारखीच घटली होती. ग्रीस परत आले नाही. मात्र मिठाच्या पाण्यानेही लोकांना बरे वाटले होते, ते का, हे समजून घेणे आपल्यासाठी अधिक मोलाचे आहे.

गुडघेदुखी चढते आणि उतरते. माणूस इंजेक्शन घ्यायला जातो तो दुखणे शिगेला पोचल्यावर आणि शिगेला पोचलेली गोष्ट पुढच्या काही आठवड्यांत बहुधा खालीच येते. त्यात सुई टोचण्याचा विधी असतो, आस्थेने बोलणारा डॉक्टर असतो आणि खर्च केलेला पैसा असतो. या सर्वांची अपेक्षा मेंदूत जाऊन खरोखरीची वेदना कमी करते, हा मनाचा खेळ म्हणून उडवून लावण्याजोगा प्रकार नाही. मेंदू मज्जारज्जूमार्फत वेदनेच्या संदेशांना आडकाठी करू शकतो, हा विचार मेलझॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्येच मांडला होता. शस्त्रक्रियादेखील या परिणामातून सुटलेली नाही. ह्यूस्टन येथे १८० रुग्णांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींच्या गुडघ्यात दुर्बीण घालून सफाई केली गेली, तर काहींच्या त्वचेवर नुसते छेद देऊन टाके घातले गेले. दोन वर्षांनंतर दोन्ही प्रकारचे रुग्ण सारखेच होते.

स्टेम सेल, म्हणजे ज्यांपासून शरीरातील इतर पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी, यांविषयी मी अधिक कठोर लिहिणार आहे. अमेरिकेत तीन निरनिराळ्या स्रोतांतून घेतलेल्या पेशींची तुलना साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाशी करणारी मोठी चाचणी झाली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार वर्षअखेर एकाही प्रकारची पेशी स्टेरॉइडपेक्षा सरस ठरली नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांत केले जाणारे बोन मॅरो प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. त्यापलीकडे स्टेम सेलचा वापर केवळ मंजूर संशोधनचाचणीतच करता येतो. चाचणीत भाग घेण्याबद्दल रुग्णाकडून शुल्क घेतले जात नाही. तेव्हा जो कोणी पावती फाडून गुडघ्यात स्टेम सेल टोचतो, तो संशोधन करत नाही आणि प्रस्थापित उपचारही देत नाही. शिबिरात ज्यांनी आग्रह केला, त्यांच्याकडे अशा चाचणीचे मंजुरीपत्र मागून पाहावे.

सूनबाईंचा सल्ला निराळ्या जातीचा आहे. झीज पुढच्या पायरीची असेल तर गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया खरोखर गुणकारी ठरते. डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांवर झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रिया व व्यायाम मिळालेल्यांना केवळ व्यायाम, आहार आणि औषधे मिळालेल्यांपेक्षा वर्षभरानंतर स्पष्टपणे अधिक आराम होता. गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यातच अधिक होत्या. पण दुसऱ्या गटातीलही बहुतेकांना आराम पडला आणि वर्षभरात त्यांतील सुमारे चौथ्या हिश्श्यानेच शस्त्रक्रिया करून घेतली. म्हणजे आधी व्यायाम करून पाहण्यात कोणाचे काही बुडत नाही. रोबोटविषयी म्हणाल तर तो एकटा शस्त्रक्रिया करत नाही. हाड किती अंशात कापावे हे तो सर्जनला नेमके दाखवतो आणि करवतीला मर्यादेबाहेर जाऊ देत नाही. सांधा अधिक नेमका बसतो यात शंका नाही. पण दक्षिण कोरियात नेहमीच्या पद्धतीशी तुलना करून किमान दहा वर्षे पाठपुरावा केलेल्या चाचणीत वेदना, हालचाल आणि सांधा टिकण्याचे प्रमाण यांत फरक आढळला नाही. त्यानंतरची यंत्रे सुधारलेली आहेत, हे खरे. तरी जास्तीचे पैसे यंत्रासाठी मोजण्याऐवजी, दर आठवड्याला अशा शस्त्रक्रिया करणारा अनुभवी सर्जन शोधावा, असे माझे मत आहे.

आपण वजन आवर्जून लिहिले आहे, म्हणून एक खरोखर नवी बाब सांगतो. लठ्ठपणा आणि गुडघ्याची झीज दोन्ही असलेल्या ४०७ रुग्णांना ६८ आठवडे सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाचे साप्ताहिक इंजेक्शन किंवा खोटे इंजेक्शन देण्यात आले. औषधाच्या गटात वजन १३.७ टक्के, दुसऱ्या गटात ३.२ टक्के घटले. वेदनेचे गुणांकन औषधाच्या गटात ४१.७ अंकांनी, तर दुसऱ्यात २७.५ अंकांनी उतरले. खोट्या इंजेक्शनाशी तुलना करूनही उरलेला एवढा फरक गुडघ्याच्या औषधांत क्वचितच पाहायला मिळतो. औषध आता भारतातही मिळते, पण मळमळ, उलट्या, पित्ताशयाचे विकार आणि बंद केल्यावर वजन परत चढणे, हे सर्व समजून तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच ते घ्यायचे असते. या चाचणीतील रुग्ण मुळात बरेच लठ्ठ होते. आपल्या ८२ किलो वजनाला ते लागू आहे की नाही, हे उंची पाहिल्याशिवाय कोणीही सांगू शकणार नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम मात्र उंची न विचारता सर्वांना लागू आहेत.

प्रश्न : मी सुपर कॉरिडॉरवरील एका कंपनीत काम करते, वय २७. मान आणि पाठ सतत धरलेली असते. वाकून बसले की पाठीवर थरथरणारे एक उपकरण ऑनलाइन मिळते, ते घ्यावे का? मैत्रीण डोळ्यांवर लावायच्या व्हीआर चष्म्याविषयी सांगते, तो प्रकार काय आहे?
— विजयनगर, इंदूर

उत्तर : योगायोगाने या थरथरणाऱ्या उपकरणाच्या वर्गाची फार चांगली परीक्षा कंबरदुखीत झालेली आहे. ऑस्ट्रेलियातील ४९२ रुग्णांच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन गट होते. पहिल्याला नेहमीची वैद्यकीय सेवा. दुसऱ्याला विशेष प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडून असे उपचार, ज्यात रुग्णाला त्याच्या दुखण्याची उकल करून सांगतात, ज्या हालचालींची धास्ती बसली आहे त्या सैल अंगाने पुन्हा करायला लावतात आणि झोप, ताण, कामाचे तास यांचीही दखल घेतात. तिसऱ्या गटाला हेच सर्व आणि शिवाय पाठीवर हालचाल टिपून सूचना देणारे संवेदक. दुसरा आणि तिसरा हे दोन्ही गट पहिल्यापेक्षा पुष्कळ सुधारले आणि हा फायदा तीन वर्षांनंतरही टिकून होता. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्यात फरक नव्हता. संवेदकाने काहीही भर घातली नाही. मला हे निष्कर्ष वाचताना समाधान वाटले, कारण माणसाशी नीट बोलण्याला यंत्राने मागे टाकले नव्हते.

ताठ बसण्याचा जो धाक आपल्याला शाळेपासून घातला जातो, त्यालाही फारसा आधार नाही. एकच एक ‘बरोबर’ बैठक वेदना टाळते, असे दाखवता आलेले नाही. तास-तासभर एकाच स्थितीत राहणे अधिक त्रासदायक ठरते, मग ती स्थिती ताठ असो की वाकलेली. अर्ध्या-पाऊण तासाने उठावे, फोन आला की चालत बोलावे आणि आठवड्यातून दोन-तीनदा खांदे व पाठ यांना वजन उचलण्याचा व्यायाम द्यावा. हात बधिर होत असेल, बोटांतून वस्तू गळून पडत असतील किंवा चालताना तोल जात असेल, तर मात्र मानेची तपासणी करून घ्यावी.

व्हीआर चष्म्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुन्या कंबरदुखीसाठी नोव्हेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली आहे. आठ आठवडे रोज काही मिनिटे श्वासाचे सराव, लक्ष दुसरीकडे वळवणे आणि वेदनेविषयीचे शिक्षण असा तो कार्यक्रम आहे. वेदना तीस टक्क्यांहून अधिक कमी झालेल्यांचे प्रमाण खऱ्या कार्यक्रमात ६६ टक्के, तर साध्या सपाट चित्रफितींच्या गटात ४१ टक्के होते. तुलना प्रामाणिक आहे आणि फरकही आहे. पण फायदा चष्म्यातील देखाव्याचा किती आणि आत शिकवलेल्या श्वासाचा किती, हे यातून वेगळे काढता येत नाही. तोवर श्वास चष्म्याशिवायही घेता येतो.

प्रश्न : कपड्याच्या दुकानात दिवसभर उभा असतो व गठ्ठे उचलतो. कंबरेचा पट्टा, करंट देणारे छोटे यंत्र आणि वजने लटकवून ओढण्याचा उपचार, यांपैकी काय करावे? थोरले बंधू तिन्ही करून बसले आहेत.
— क्लॉथ मार्केट परिसर, इंदूर

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीविषयी आपल्या पहिल्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. पट्टे, ट्रॅक्शन म्हणजे वजने लटकवून ओढणे, अल्ट्रासाउंडचा शेक आणि टेन्स नावाने विकले जाणारे ते करंटचे यंत्र, हे चारही नेहमीच्या उपचारात देऊ नयेत, असे त्यांत म्हटले आहे. व्यायाम, दुखण्याविषयीचे शिक्षण, मसाज आणि मानसोपचाराच्या काही पद्धती यांना अनुकूल मत आहे. त्या सूचना विशिष्ट कारण न सापडणाऱ्या कंबरदुखीबद्दल आहेत. मणका मोडलेल्या रुग्णाला डॉक्टरांनी दिलेला पट्टा त्यात येत नाही, तेव्हा बंधूंचे निदान माहीत असल्याखेरीज त्यांचा पट्टा काढायला लावू नये. आपल्यापुरते सांगायचे तर गठ्ठे लहान बांधून घेता येतात का, हे मालकांशी बोलून पाहावे.

प्रश्न : माझी सासू सहा-सात वर्षांपासून सांधेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक आणून रोज घेते. आता वेदनेवर सवय न लावणारी नवी गोळी निघाली आहे, असे वाचले. ती इथे कधी येईल?
— लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : आपण वाचलेली गोळी म्हणजे सुझेट्रिजिन. तिला अमेरिकेत ३० जानेवारी २०२५ रोजी परवानगी मिळाली. वेदनेचा संदेश मेंदूकडे नेणाऱ्या चेतातंतूंत सोडियमची एक विशिष्ट वाहिनी असते, ती ही गोळी बंद करते. मेंदूवर तिचा परिणाम होत नसल्याने अफूवर्गातील औषधांसारखी चटक लागत नाही. अनेक वर्षांनी आलेला हा वेदनाशामकांचा खरोखर वेगळा प्रकार आहे आणि त्याचे कौतुक रास्त आहे. परंतु परवानगी तीव्र आणि अल्पकालीन वेदनेसाठी आहे. मुख्य चाचण्या पोटाच्या व पायाच्या अंगठ्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांवर झाल्या. तेथे ती खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली, पण अफूवर्गातील हायड्रोकोडोन व पॅरासिटामॉल यांच्या मिश्रणापेक्षा सरस ठरली नाही. सायटिकाच्या, म्हणजे कंबरेतून पायात कळ जाणाऱ्या दुखण्याच्या, रुग्णांवरील प्राथमिक चाचणीत तर गोळी आणि खोटी गोळी या दोन्ही गटांत वेदना जवळपास सारखीच, दोन अंकांनी उतरली. तेव्हा सासूबाईंच्या दुखण्यासाठी या गोळीची वाट पाहण्यात अर्थ नाही.

नव्या औषधांबाबत सावधपणा का हवा, याचे उदाहरण ताजे आहे. टॅनेझुमॅब हे इंजेक्शन चेतातंतूंच्या वाढीच्या एका घटकाला अडवून सांधेदुखी कमी करत असे, मात्र काही रुग्णांचे सांधे त्याने वेगाने ढासळले. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेतील सल्लागार समितीने १९ विरुद्ध १ मतांनी प्रतिकूल कौल दिला आणि त्याच वर्षी कंपनीने काम थांबवले. जुन्या तीव्र औषधांची गतही फार चांगली नाही. ऑस्ट्रेलियात ३४७ रुग्णांवर झालेल्या, २०२३ मधील चाचणीत नव्याने सुरू झालेल्या कंबर व मानदुखीत अफूवर्गीय औषध खोट्या गोळीपेक्षा अधिक गुणकारी ठरले नाही. आपल्याकडे सर्रास मिळणारे याच वर्गातील ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले, ते योग्यच झाले.

सासूबाईंच्या बाबतीत तातडीची गोष्ट दुसरीच आहे. रोजचे डायक्लोफेनॅक पोटात व्रण करते, रक्तदाब वाढवते, मूत्रपिंड व हृदय यांना अपाय करते. हे औषध दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि देशातील गिधाडे नामशेष होण्याच्या वाटेला लागली, म्हणून २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, हे खरे, पण सहा-सात वर्षे हा काळ थोडा नव्हे. या आठवड्यातच त्यांचा रक्तदाब, मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. शौच काळ्या रंगाची होत असेल तर थांबू नये. सांधा वरवरचा असेल, म्हणजे गुडघा किंवा हात, तर तेच औषध मलमाच्या रूपात लावल्यास रक्तात फार कमी उतरते, हा पर्याय डॉक्टरांना विचारावा. सकाळी तास-दीड तास सांधे आखडलेले राहत असतील किंवा बोटांना सूज असेल, तर ही झीज नसून संधिवाताचा दाहक प्रकार असू शकतो. त्याची औषधे अगदी वेगळी आहेत आणि ती वेळेवर सुरू झाली तर सांधे वाचतात.

प्रश्न : आईचे सर्व अंग दुखते, झोप लागत नाही, थकवा असतो. सर्व रिपोर्ट नॉर्मल. आत्या आणि मावशी म्हणतात, तिच्या मनाचे खेळ आहेत. मेंदूचे स्कॅन करून वेदना खरी आहे की नाही हे सिद्ध करता येते असे ऐकले. इंदुरात होईल का?
— रामबाग, इंदूर

उत्तर : असे स्कॅन जगात कोठेही निदानासाठी वापरू नये, हेच तज्ज्ञांचे मत आहे. मेंदूतील रक्तप्रवाहाची चित्रे काढून वेदनेचा ठसा ओळखण्याचे प्रयोग झाले आहेत. २०१३ मध्ये निरोगी माणसांना उष्णतेचा चटका देऊन असा एक नमुना शोधण्यातही आला. पण आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१७ मध्ये स्पष्ट केले की, एखाद्या माणसाला जुनी वेदना आहे की नाही, हे ठरवण्यासाठी अशा चित्रांचा आधार घेता येणार नाही. त्याच संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली आणि तिच्या टिपांत म्हटले की, माणूस आपल्याला दुखते असे सांगतो तेव्हा त्या सांगण्याचा मान राखला जावा. आत्या आणि मावशींना एवढे दाखवले तरी पुरे.

इजा दिसत नाही, चेतातंतूही तुटलेले नाहीत, पण वेदनेचा संदेश वाहणारी व्यवस्थाच अतिसंवेदनशील झाली आहे, अशा दुखण्याचा स्वतंत्र वर्ग २०१७ पासून मान्य झालेला आहे. फायब्रोमायल्जिया हा त्यातील परिचित आजार असून आईंची लक्षणे त्याच्याशी जुळतात. नुसत्या पत्रावरून मी निदान करणार नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व आणि दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या झाल्या आहेत ना, हे पाहून संधिवाततज्ज्ञांना एकदा दाखवावे. मनःस्थिती खालावलेली असेल तर तिच्यावरही उपचार व्हावेत, कारण झोप, मन आणि वेदना या आजारात एकमेकांना ओढतात.

युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये या आजाराच्या सर्व उपचारांचा आढावा घेतला, तेव्हा निःसंदिग्ध शिफारस फक्त व्यायामाला मिळाली. आईंच्या बाबतीत तो व्यायाम दहा मिनिटांच्या चालण्यापासून सुरू व्हावा आणि दर आठवड्याला दोन-तीन मिनिटांनीच वाढावा. पहिल्या पंधरवड्यात अंग जास्त दुखेल. तेव्हा व्यायाम सोडू नये, आदल्या आठवड्याच्या मापावर परत यावे आणि तेथून पुढे जावे.